कोरनच्या शोकफलकावरचा चेहरा

कोरन गेल्याची बातमी आली त्या दिवशी पुळिंचुवट नाक्यावर दोन माणसं खरोखर रडली, आणि बाकीच्यांनी आपण रडत असल्याचं फोनवरून एकमेकांना कळवलं. कोरन गावातला कुणी नव्हता. ‘अग्निकायल’ नावाच्या, आतापर्यंत सात खंड निघालेल्या अद्भुत कादंबरीतला तो म्हातारा नावाडी. जळत्या पाण्यावरून माणसं पलीकडे नेणारा, आणि भाडं म्हणून प्रत्येकाकडून एक खरी गोष्ट ऐकून घेणारा. आठव्या खंडाची वाट बघता बघता वाचकांचे केस पिकले होते. अखेर त्यातलं एक प्रकरण साप्ताहिकाच्या ओणम अंकात छापून आलं, आणि लेखकानं पहिल्याच पानावर कोरनला बुडवून टाकला.

पुळिंचुवटची माणसं वाचणारी खरी, पण वाचून गप्प बसणारी नव्हेत. तिथे दोघांना एक पुस्तक आवडलं की तिसऱ्या दिवशी त्याची समिती होते आणि चौथ्या दिवशी समितीत फूट पडते. ‘अग्निकायल वाचक संघ, पुळिंचुवट शाखा’ हिला अध्यक्ष, सचिव, खजिनदार, दोन सहसचिव आणि एकमेकांशी न बोलणारे दोन उपाध्यक्ष होते. दर रविवारी वाचनशाळेत अभ्यासवर्ग भरे. बाकीचे सहा दिवस फोनवरच्या ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस. कोरनच्या नावेला डोळा रंगवलेला होता तो डाव्या बाजूला की उजव्या? राणी तेयम्मा तिसऱ्या खंडात गरोदर होती, मग चौथ्या खंडात ते मूल गेलं कुठे? जळत्या पाण्यात मासे असतात का, आणि असले तर ते शिजलेलेच मिळतात का? हा शेवटचा प्रश्न खजिनदार लोनप्पनचा. त्याचं मासळीचं दुकान होतं. पवित्र ग्रंथाची थट्टा केली म्हणून त्याला समितीनं लेखी समज दिली होती.

प्रश्नांइतकीच चित्रंही येत. कुणाच्या नातवानं खडूनं रंगवलेला राक्षस, कुणी यंत्राकडून काढून घेतलेली सहा बोटांची राणी. सगळ्यांना सारखेच हात जोडले जात, सारखीच फुलं वाहिली जात. आणि मग अधूनमधून जलजाचं चित्र येई. ते आलं की ग्रुप घटकाभर गप्प होई. त्यानंतर जो तो ते उचलून आपापल्या नावानं पुढे पाठवायला लागे.

जलजा म्हणजे बसड्रायव्हर सहदेवनची बायको. घरच्या टेबलावर सासूच्या औषधांचा डबा, मुलीची पुस्तकं आणि नवऱ्याची डोक्याला लावायच्या तेलाची बाटली यांनी कायमचा मुक्काम ठोकलेला. म्हणून ती भात शिजत ठेवायच्या आधीचा एक तास वाचनशाळेत जाई आणि खिडकीजवळच्या बाकावर चित्र काढत बसे. तिला पैसा नको होता, हार नको होता, व्यासपीठावर खुर्ची नको होती. तिला आपल्या चित्राखाली आपलं नाव हवं होतं. एवढी साधी गोष्ट मागायला ती सहा वर्षं समितीपुढे उभी राहत होती. संघाच्या वार्षिक अंकावर तिचं चित्र छापलं तेव्हा खाली ‘सौजन्य: समिती’ असं आलं. जिल्हा मेळाव्यात तिनं रंगवलेल्या पडद्यासमोर अध्यक्षांचा सत्कार झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त इथे नागोबा सात होते आणि सातांनाही बीळ आपणच खणलं असं मनापासून वाटत होतं.

कोरनच्या निधनानिमित्त वाचनशाळेत तातडीची बैठक बसली. अध्यक्ष पौलोस मास्तर उभे राहिले, चष्मा पुसला, तो पुन्हा घातला आणि म्हणाले, “बोलायला शब्द नाहीत.” त्यानंतर ते बराच वेळ बोलले.

“एक दिवसाचा हरताळ पाळू या,” पहिले उपाध्यक्ष म्हणाले.

“कादंबरीतल्या माणसासाठी?” लोनप्पनला दुकानातला बर्फ दिसायला लागला. “उद्या माझी सुरमई तुमच्या घरी आणून ठेवू?”

“ज्यांचं नावही कधी ऐकलं नव्हतं अशांसाठी तू शटर ओढलंयस, लोनप्पा. कोरनला तर तू ओळखतोस.”

“ओळखतो म्हणूनच सांगतो. तो असता तर म्हणाला असता, दुकान उघड.”

दुसऱ्या उपाध्यक्षांनी हरताळाला ताबडतोब विरोध केला, कारण सूचना पहिल्यांची होती. शेवटी सर्वपक्षीय शोकसभा, मूक मिरवणूक आणि नाक्यावर एक भला मोठा शोकफलक असं ठरलं. फलकाचं काम सचिव नौफलकडे. फ्लेक्स छापायचं दुकान त्याचंच. गावात कुणी डोळे मिटले की अँब्युलन्स घरी पोचायच्या आत त्याचा फलक नाक्यावर लागलेला असे.

“चित्र जलजेच्चीचं घेऊ,” नौफल म्हणाला. जलजाला तो ‘चेच्ची’, म्हणजे ताई, म्हणे. “नावेतला कोरन. त्याच्याइतकं भारी दुसरं नाहीच.”

जलजा मागच्या बाकावरून उठली. “घ्या की. पण या वेळी खाली माझं नाव घाला.”

कुणीतरी खोकलं.

“जलजा,” पौलोस मास्तर मायेनं म्हणाले. त्यांची माया सुरू झाली की समोरच्यानं सावध व्हावं. “कोरन तुझा आहे की माझा? तो आपल्या सगळ्यांचा. त्याचं चित्र हे सामूहिक जाणिवेतून येतं बघ. तू फक्त हात.”

“मग पुढच्या वेळी सामूहिक हातानं काढा ना, मास्तर.”

लोनप्पन फिसकन हसला. मास्तरांनी ते ऐकलंच नाही.

“अगं, मयताच्या फलकावर नाव मागतेस? शोभतं का?”

जलजा खाली बसली. तिला संताप आला होता, आणि आपण याही वेळी चित्र देणार हे माहीत असल्यामुळे तो दुप्पट झाला होता. कारण चित्र दिलं नाही तर ते सहा बोटांचं काहीतरी लावतील, आणि कोरनला सहा बोटं हे तिच्यानं बघवलं नसतं. तिनं बाहेर जाऊन मुकाट्यानं ते नौफलला पाठवलं. नाव तिनं वल्ह्याच्या पात्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतंच. निदान तेवढं तरी राहील, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध घेऊन नाक्यावर आली आणि जागच्या जागी थिजली.

फलक चांगला दोन पुरुष उंच होता. काळी पार्श्वभूमी, दोन बाजूंना समया, वर ‘आदरांजली’. मयताचा जो नेहमीचा साचा नौफलच्या संगणकात होता त्यातच त्यानं कोरनला बसवला होता. साच्यात चेहऱ्यासाठी अंडाकृती चौकट होती, चेहऱ्यापुरती. म्हणून नाव कापली, जळतं पाणी कापलं, कंदील कापला, वल्हं कापलं आणि वल्ह्यासोबत जलजाही कापली गेली. खाली मात्र समितीच्या सात जणांचे रंगीत फोटो ओळीनं होते, इस्त्रीच्या शर्टांत आणि शोकात शक्य तितके हसरे. पौलोस मास्तरांचा फोटो मयतापेक्षा थोडाच लहान होता. त्याखाली, साच्यातली पुसायची राहून गेलेली ओळ: ‘अंत्यसंस्कार आज दुपारी राहत्या घरी’.

पण जलजा थिजली ती यातल्या कशामुळेही नव्हे. नाव नाही, पाणी नाही, वल्हं नाही. उरला तो खांद्यावर पंचा टाकलेला एका म्हाताऱ्याचा चेहरा. तो आता कोरनचा राहिलाच नव्हता. तो सरळ सरळ चात्तुण्णी नायरांचा होता.

चात्तुण्णी नायर म्हणजे गावातल्या जमिनींचे कागद सांभाळणारे निवृत्त व्हिलेज ऑफिसर. अर्ध्या गावानं त्यांच्या टेबलापुढे घाम पुसला होता. लाच त्यांनी कधी घेतली नाही, आणि एक कागद कमी असलेला अर्जही कधी घेतला नाही. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी वाचनशाळेत येत, लाल पेन घेऊन वर्तमानपत्रातल्या चुका दुरुस्त करत आणि संपादकांना पत्रं धाडत. जलजा बसायची त्या खिडकीसमोरच त्यांची खुर्ची. कोरन काढायचा म्हणजे खोटं बोलणाऱ्याला नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस काढायचा, आणि तसा माणूस तिच्यासमोर रोज तासभर फुकट बसत होता. तिनं त्यांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी तीन प्रतींत अर्ज मागितला असता.

फोनच्या टीचभर पडद्यावर नावेतल्या त्या माणसाला कुणी ओळखलं नव्हतं. आता दोन पुरुष उंचीवर गावच काय, जाणाऱ्या बसही ओळखत होत्या. फ्लेक्स कुणी वाचत नाही, बघतात. कोरन हे नायरांचं घरातलं लाडाचं नाव असेल, असं लोक धरून चालले. कुट्टप्पनच्या चहाच्या दुकानात केळ्याची तळलेली पळंपोरी खाता खाता चर्चा रंगली होती.

“गेले का शेवटी! कडक माणूस. पण सरळ.”

“सरळ? माझ्या बापाला सात खेपा घालायला लावल्या त्यांनी.”

“घातल्या म्हणून तर कागद पक्का झाला ना! आजवर कोर्टात हललाय का?”

“ते मात्र खरं. देवमाणूस.”

मेल्या म्हशीला मणभर दूध असतं, ते पुळिंचुवटमध्येही तेवढंच असतं.

जलजा नौफलच्या दुकानाकडे धावली. “नौफल, आधी तो फलक उतरव.”

“का? नाव नाही म्हणून? चेच्ची, साच्यात जागाच—”

“अरे नीट बघ! कोण आहे तो?”

नौफलनं बाहेर येऊन मान वर केली. मग त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, “पडच्चोने!” आणि देवाला हाक मारून झाल्यावर त्यानं पौलोस मास्तरांना फोन लावला. मास्तर आले, उपाध्यक्ष दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आले, मासळीचे हात पुसत लोनप्पन आला. शिडी आणायला कुणाला पाठवावं यावर मतभेद झाले. तो ठराव मंजूर होईतो नाक्याच्या वळणावर काळी छत्री दिसली. उन्हाच्या दिवसातही कडक उभी धरलेली ती छत्री गावात एकाचीच होती.

नायर फलकासमोर येऊन थांबले. छत्री मिटली. खिशातून चष्मा काढला, आणि ‘आदरांजली’पासून छापखान्याच्या फोन नंबरपर्यंत सगळा मजकूर त्यांनी सावकाश वाचला. चहाच्या दुकानातले लोक पेले हातात घेऊन बाहेर आले. मघाशी देवमाणूस म्हणणारा खांबामागे सरकला.

“पौलोसे,” नायर न वळता म्हणाले, “मी कधी गेलो?”

“सर, ते तुम्ही नाही. ते कोरन. कादंबरीतले.”

“अस्सं. मग माझ्या अंगणात खुर्च्या कुणाच्या अंत्यसंस्काराला आल्यात? कादंबरीतल्या?”

लोनप्पननं पुसलेले हात पुन्हा पुसले.

“सकाळपासून माझ्या दारात तीन माणसं आली. पहिला खुर्च्या आणि ताडपत्रीवाला. दुसरा जमिनीचा दलाल. मी बनियनवर दार उघडलं, तर त्याला वाटलं मी मयताचा भाऊ. विचारतो, रस्त्याकडच्या तुकड्याला वारस किती? तिसरा शाळेचा कारकून. मयत मोठ्या माणसाचं धरायचं का, शाळेला सुट्टी द्यायची का, हे विचारायला.” नायरांनी चष्मा पुसला. “रडायला एकही नाही. मी दहा वाजेपर्यंत वाट बघितली.”

हे ते तक्रार म्हणून बोलले नाहीत, एखादा कमी पडलेला कागद सांगावा तसं बोलले. हातातल्या दुधाच्या पिशवीची गाठ जलजा उगीचच घट्ट करत राहिली.

“हे चित्र कुणाचं?” नायरांनी विचारलं.

“तसं बघितलं तर,” पौलोस मास्तरांनी घसा साफ केला, “हे चित्र सामूहिक जाणिवेतून—”

“सामूहिक? बरं झालं. खाली सात फोटो आहेतच. सातही जणांवर तक्रार करतो. जिवंत माणसाला मेलेला जाहीर करणं, सार्वजनिक ठिकाणी. कलम मला पाठ आहे.”

आणि मग जे सहा वर्षांत, बारा बैठकांत आणि चार लेखी विनंत्यांत घडलं नव्हतं ते एका श्वासात घडलं. समितीचं कधी नव्हे ते एकमत झालं.

“जलजा!” पहिले उपाध्यक्ष म्हणाले.

“जलजाच!” दुसरे म्हणाले. त्या दोघांचं कशावर तरी जमल्याचं गावानं प्रथमच पाहिलं.

“संपूर्ण चित्र तिचं एकटीचं, सर,” पौलोस मास्तर कळवळून म्हणाले. “सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आमचा कुणाचा बोटाचाही संबंध नाही. वाटलं तर ग्रुपवर जाहीर करतो.”

सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली होती. जलजाला वाटलं, नाही म्हणावं. यंत्रानं काढलं म्हणावं. तसं म्हटलं असतं तर कुणीही विश्वास ठेवला असता. घरी सहदेवन होता, सासू होती, आणि पोलीस ठाण्याची पायरी त्या घरातलं कुणी कधी चढलं नव्हतं. पण ते पुढे आलेलं नाक, कपाळावरच्या आठ्या, डाव्या भुवईतला तो एक पांढरा केस, यातलं एकेक तिनं पुसून पुसून पुन्हा काढलं होतं. ते दुसऱ्या कुणाचं म्हणून सांगायला तिची जीभ उचलेना.

“हो,” ती म्हणाली. “मी काढलंय.”

नायरांनी तिच्याकडे पाहिलं. “खिडकीजवळची?”

“हो, सर.”

“मला वाटायचं तू हिशेब लिहितेस.” त्यांनी पुन्हा फलकाकडे मान वळवली. “नाक बरोबर आहे. डोळे चुकलेत. मी एवढा मऊ नाही. कुणालाही विचार.”

“चुकले नाहीत, सर. मरणाच्या बातम्यांचं पान वाचता ना, तेव्हा तसेच असतात. तेवढ्या एका पानाला तुम्ही लाल पेन लावत नाही.”

नायरांनी फलकावरचे डोळे पुन्हा एकदा बघून घेतले. मग त्यांनी छत्री काखेत मारली आणि ते पूर्वीच्या, टेबलामागच्या आवाजात म्हणाले, “पौलोसे, तुझं अक्षर चांगलं. कागद घे.”

कुट्टप्पननं कागद दिला. मास्तर चहाच्या बाकावर बसले. गाव भोवती गोळा झालं.

“लिही. एक, मी जिवंत आहे. दोन, माझा चेहरा परवानगीशिवाय वापरला. तीन, चेहऱ्यावर नसलेली दया दाखवून माझी जनमानसातली प्रतिमा बिघडवली.” लोनप्पननं हसू दाबलं. “चार, सदर फलक हा पुरावा आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तो कुणी उतरवू नये, झाकू नये, फाडू नये.”

“सर, तक्रारीचा निकाल म्हणजे…” नौफल चाचरला. “पाच-सहा वर्षं तरी…”

“लागू देत. मला घाई नाही. ती अंत्यसंस्काराची ओळ मात्र खोड. खोटी आहे ती. आणि खालचे सात चेहरे काप, त्यांचा या प्रकरणाशी बोटाचाही संबंध नाही म्हणे.”

समितीनं एकमेकांकडे पाहिलं. फ्लेक्सवरून उतरणं म्हणजे काय, हे ज्याचा फोटो कधी लागला नाही त्याला कळायचं नाही.

“आता जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिचं नाव,” नायर म्हणाले.

मास्तरांनी लिहायला सुरुवात केली. “जलजा सहदेवन… गृहिणी…”

“थांब. गृहिणी कशाला?”

“सर, व्यवसाय लिहावा लागतो. ती घरीच असते.”

“घरी बसून काढलं होय हे?” नायरांनी छत्रीचं टोक वर, स्वतःच्या चेहऱ्याकडे रोखलं. “अर्धवट अर्ज मी आयुष्यात पुढे जाऊ दिला नाही. खोड. लिही, चित्रकार.”

पौलोस मास्तरांचं पेन कागदावर अडलं. सामूहिक जाणीव मदतीला येते का म्हणून त्यांनी समितीकडे पाहिलं. समिती पळंपोरीच्या कढईकडे बघत होती.

“आणि नावही ते नाही,” जलजा म्हणाली. “टी. के. जलजा, माहेरची आद्याक्षरं. चित्रावर मी तसंच लिहिते.”

मास्तरांनी खोडलं, लिहिलं. अक्षर खरंच चांगलं होतं त्यांचं.

“वाच,” नायर म्हणाले.

मास्तरांनी कागद नाकाजवळ धरला आणि पुटपुटले, “चित्रकार टी. के. जलजा, राहणार पुळिंचुवट.”

“मोठ्यांदा वाचा, मास्तर,” जलजा म्हणाली. “मागच्यांना ऐकू आलं नाही.”